तीस फुटी की पंचेचाळीस फुटी?

शीव कोळीवाड्यात राहून जुनी मासेमारी बोट घ्यायची म्हटली, की पहिला प्रश्न बोटीचा नसतो, पाण्याचा असतो: ती उभी कुठे करायची? वरळीच्या किंवा वर्सोव्याच्या कोळ्याला हा प्रश्न पडत नाही, त्याच्या गल्लीच्या टोकाला समुद्र असतो. शीवचं गाव पाण्यापासून तुटलं आहे. मुंबई बेटाच्या उत्तर टोकावरची ही वस्ती. जवळच्या टेकडीवर इंग्रजांनी १६६९ ते १६७७ च्या दरम्यान किल्ला बांधला, तेव्हा पलीकडची साष्टी पोर्तुगीजांची होती आणि मध्ये खाडी नि दलदल होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शीव आणि कुर्ला जोडणारा बांधरस्ता झाला, १८४५ मध्ये माहीमचा झाला. पुढे आगगाडी आली, भराव पडत गेले, मिठागरं आक्रसली. फाळणीनंतर निर्वासितांची छावणी इथे वसली आणि कालांतराने हार्बर मार्गावरच्या ‘कोळीवाडा’ स्टेशनाचं नाव गुरू तेग बहादूर नगर झालं. इथल्या पंजाबी खानावळींतून तळलेल्या कोळंबीसोबत ‘कोळीवाडा’ हे नाव देशभरच्या हॉटेलांत पोचलं. ज्या गावाचं ते नाव, त्याच्या दारात मात्र आज होडी लागत नाही.

समजा, या गावातल्या दोघा भावांना पुन्हा स्वतःची बोट करायची आहे. थोरल्याने दुसऱ्यांच्या बोटींवर तांडेलकी, म्हणजे कप्तानी, केली आहे, धाकट्याला इंजिनाचं काम येतं. आई बाजारात मासळी विकते. त्यांनी दोन जुन्या बोटी पाहून ठेवल्या. पहिली ३० फुटी, दोन सिलिंडरची, साधारण २४ अश्वशक्तीची. ती शिवडीच्या बाजूला खाडीत उभी आहे. दुसरी ४५ फुटी, सहा सिलिंडरची, १०० अश्वशक्तीची. ती भाऊच्या धक्क्यावर लागते. मोठीचा मालक वयस्कर आहे, मुलगा नोकरीला लागला आहे, त्यामुळे तो लहानीच्या जेमतेम दुप्पट किमतीत बोट द्यायला तयार आहे. मोठीत खण मोठा, केबिन आहे, जाळं ओढायचं यंत्र आहे. ऐकणारा कुणीही म्हणेल, सौदा मोठीचाच.

असं वाटतं, कारण आपण बोट फुटांनी मोजतो. तीस आणि पंचेचाळीस, म्हणजे दीडपट. पण लांबी दीडपट झाली की बोटीतली प्रत्येक गोष्ट दीडपट होत नाही. काही गोष्टी त्याहून कमी वाढतात, काही पाचपट होतात. जुनी बोट घेताना फसगत होते ती बहुतेक वेळा इथे.

लांबी एक, आकडे पाच

दोन्ही बोटी एकाच घडणीच्या धरू, म्हणजे मोठी ही लहानीचीच सगळ्या बाजूंनी वाढवलेली प्रत. मग शाळेतलं गणित पुरतं.

रंग, तेल आणि फळ्यांचा पृष्ठभाग लांबीच्या वर्गाने वाढतो. दीडचा वर्ग सव्वादोन. म्हणजे दर पावसाळ्याला खरवडून रंगवायचं अंग सव्वादोनपट. पोट, म्हणजे वजन आणि मालाची जागा, घनाने वाढतं: दीडचा घन ३.४ च्या आसपास. ज्याला खण भरून मासळी हवी त्याला हा आकडा आवडतो. बांधायला लागणारं लाकूड, बसवायचे खिळे, ओढून वर काढायचं ओझंही याच आकड्याने वाढतं, हे तो विसरतो.

तिसरा आकडा सगळ्यात मोठा आणि मोठ्या बोटीच्या बाजूचा. लाटेने बोट कलली की तिला पुन्हा सरळ करणारा जो जोर असतो, तो लांबीच्या साधारण चौथ्या घाताने वाढतो. दीडचा चौथा घात पाच. एका बाजूने भरलेलं जाळं ओढताना, आडव्या लाटेत, वरच्या फळीवर चार माणसं एकाच कडेला उभी असताना मोठी बोट जी निवांत वाटते, ती या पाचपटीमुळे. खोल समुद्रात चार रात्री काढायच्या असतील तर खरी किंमत या आकड्याची असते, केबिनची नव्हे.

चौथा आकडा सगळ्यात लहान: वेग. आपल्या मासेमारी बोटी पाणी कापत, बाजूला सारत जातात. पाण्यावर उचलल्या जाऊन घसरत धावत नाहीत. अशा बोटीच्या वेगाला तिच्या स्वतःच्या लाटेची मर्यादा असते. पाण्यावर टेकलेल्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ काढून त्याला १.३४ ने गुणलं की ताशी सागरी मैलांत साधारण ती मर्यादा मिळते. तीस फुटी बोटीची पाण्यावरची लांबी २७ फूट धरली तर ७ सागरी मैल, म्हणजे ताशी १३ किलोमीटर. पंचेचाळीस फुटीची ४१ फूट धरली तर साडेआठाच्या थोडं वर, म्हणजे १६ किलोमीटर. दीडपट लांबीने वेग जेमतेम सव्वापट वाढला. मोठी बोट लवकर पोचते हा समज म्हणूनच फारसा खरा नाही. ती जास्त दूर जाऊ शकते आणि तिथे राहू शकते, हे खरं.

पाचवा आकडा इंजिनाचा. सारख्या घडणीच्या दोन बोटी आपापल्या मर्यादेच्या वेगाने चालवायच्या तर लागणारी शक्ती लांबीच्या साडेतीनाव्या घाताने वाढते. दीडपट लांबीला हे चारपट होतं. लहानीत २४ अश्वशक्ती आणि मोठीत १०० हा फरक कुणाच्या हौसेचा नाही, पाण्याने तो मागून घेतलेला आहे. किनाऱ्यावर बोटीला फुटांपेक्षा सिलिंडरांनीच ओळखतात, ‘दोन सिलिंडरवाली’, ‘सहा सिलिंडरवाली’, त्यामागे हे शहाणपण आहे. २०१९ च्या क्यार आणि महा वादळांनंतर राज्य सरकारने मच्छीमारांना मदत दिली, तेव्हाही यांत्रिक बोटींचे गट सिलिंडरांवरूनच पाडले होते.

डिझेलची वही

चारपट शक्ती म्हणजे चारपट डिझेल. डिझेल इंजिन एका अश्वशक्तीला तासाभरात ढोबळमानाने लिटरचा पाचवा हिस्सा पितं. जुनं, झिजलेलं इंजिन त्याहून जास्त. इंजिन पूर्ण ताकदीने कुणी चालवत नाही, सत्तर टक्के धरू. लहान बोट तासाला साडेतीन लिटरच्या आत भागवेल, मोठीला चौदा लागतील.

हिशोबासाठी लिटरला ९० रुपये धरा. लहान बोट पहाटे निघून दुपारी परतली, आठ तास इंजिन चाललं, तर अडीच हजारांच्या आत डिझेल. मोठी पाच दिवसांच्या फेरीला गेली आणि रोज चौदा तास इंजिन चाललं, तर ९८० लिटर, म्हणजे ८८ हजार रुपये, एकही मासा न पकडता. त्यावर बर्फ, पाणी, शिधा आणि खलाशांची उचल. सहकारी संस्थेमार्फत घेतलेल्या डिझेलवर विक्रीकराचा परतावा मिळतो, पण तो मागाहून. पंपावर पैसे आधी मोजावे लागतात.

यातून दोन गोष्टी निघतात. लहान बोटीचा वाईट दिवस अडीच हजारांचा असतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता येतं. मोठीची वाईट फेरी लाखाच्या घरात जाते आणि ती वाईट आहे हे पाच दिवसांनी कळतं. दुसरी गोष्ट मोठी घेतलीच तर उपयोगाची: मर्यादेजवळच्या वेगात शक्ती वेगाच्या निदान घनाने वाढते. वेग दहा टक्क्यांनी कमी केला तर शक्तीची मागणी पाव हिश्शाहून थोडी जास्तच उतरते. घाईने परतणारा तांडेल शेवटच्या एका मैलाच्या वेगासाठी नफा जाळत असतो.

पाणी कुठलं, जागा कुठली

मुंबईच्या बंदरात मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. भांगाच्या दिवसांत त्याच्या निम्म्याहूनही कमी. शिवडी, माहूल, तुर्भे या पूर्वेकडच्या बाजूला ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो. शिवडीच्या किनाऱ्यावर रोहित पक्ष्यांची गर्दी होते ती याच चिखलावर, आणि जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू समुद्रात उतरतो तोही याच चिखलावरून.

तीस फुटी बोटीला पाण्याखाली साधारण अडीच फूट लागतात, पंचेचाळीस फुटीला चार. फरक दीड फुटाचा, पण सपाट चिखलावर दीड फूट पाणी चढायला बराच वेळ जातो. भरती दर सव्वाबारा-साडेबारा तासांनी येते आणि रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. लहान बोट भरतीच्या आधी आणि नंतर ऐसपैस वेळ ये-जा करू शकते. मोठीला मोजका अवधी मिळतो, आणि भांगाच्या दिवसांत काही ठिकाणी तोही मिळत नाही. पाणी गेलं की ती चिखलात बसते. तीस फुटी बोट असं बसणं वर्षानुवर्षं सोसते. पंचेचाळीस फुटी बोट वाकड्यातिकड्या तळावर टेकली की मधला भाग उचललेला आणि दोन टोकं लोंबणारी अशी अवस्था होते, आणि हळूहळू तळाचा कणाच वाकतो.

म्हणून मोठीला धक्का हवा: भाऊचा धक्का किंवा ससून डॉक. ससून डॉक १८७५ पासून आहे, भाऊचा धक्का लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांच्या नावाने ओळखला जातो, आणि दोन्हीकडे हंगामात बोटींच्या रांगेमागे रांग लागते. तिथे आपली जागा म्हणजे कागदावरचा हक्क कमी आणि रोजची देवघेव जास्त. कुणाच्या बोटीला बोट बांधायची, कुणाचा बर्फ आधी, कुणाचा माल आधी, हे ओळखीवर ठरतं. शीवच्या भावांची तिथे दोन-चार घरांशी सोयरीक असेल तर निम्मं काम झालं. नसेल तर मोठी बोट घेण्याआधी वर्षभर दुसऱ्याच्या बोटीवर जाऊन ती ओळख कमावणं स्वस्त पडेल.

वादळाचा विचारही इथेच करायचा. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं, तेव्हा किनाऱ्याला बांधलेल्या बोटीही एकमेकींवर आपटून फुटल्या. लहान बोट इशारा येताच आठ-दहा माणसांनी आणि दोरखंडांनी वर ओढता येते. मोठीला आत, खाडीत न्यावं लागतं, आणि ती जागा आधीच पाहून ठेवावी लागते.

जाळं कुठलं, विकणार कोण

बोट घेताना जाळं नंतर ठरवू म्हणणारा माणूस उलट्या टोकाने सुरुवात करतो. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली देणारी डोल जाळी समुद्रात खुंट्यांना बांधून उभी केलेली असते. मासे भरतीच्या ओढीने तिच्यात शिरतात. इथे इंजिनाला जाळं ओढत न्यावं लागत नाही, त्यामुळे लहान बोट पुरते. पण डोलीच्या जागा गावागावांत पिढ्यान्‌पिढ्या वाटलेल्या आहेत. पैसे टाकून बोट मिळते, डोलीची जागा मिळत नाही. तरती जाळी, वावरी आणि खाडीतली चिंबोरी-कोळंबी हेही तीस फुटीच्या आवाक्यातलं काम.

ट्रॉलिंगचं जाळं समुद्राच्या तळावरून ओढत न्यायचं असतं. त्याला ताकद लागते, म्हणून सहा सिलिंडर. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ सालचा. त्याखालच्या नियमांनी किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, जागेप्रमाणे पाच किंवा दहा वाव खोलीच्या आत, ट्रॉलिंगला मनाई आहे. म्हणजे मोठी बोट घेऊन किनाऱ्याजवळ ट्रॉलिंग करायचं हा बेत कायद्यातही बसत नाही. पर्ससीन जाळ्यावर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने हंगामाचं आणि क्षेत्राचं बंधन आलं, प्रकाशझोत टाकून मासेमारीला २०१७ मध्ये देशभर बंदी झाली, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर दंडाची रक्कम लाखांत गेली. एखादी मोठी बोट अवचित स्वस्त मिळत असेल तर ती कुठल्या जाळ्यासाठी सजवली आहे आणि ते जाळं आज टाकता येतं का, हे आधी विचारा.

मग माणसं. लहान बोट दोघे भाऊ आणि एखाद-दोन गडी मिळून चालवतात. मोठीला आठ-दहा खलाशी लागतात. ते हंगामाआधी उचल घेतात, आणि अर्ध्या हंगामात निघून गेले तर उचलही जाते आणि बोटही उभी राहते. तांडेल स्वतः मालक असेल तर निभतं. मालक घरी आणि तांडेल पगारी असेल तर हिशोब रोज बघावा लागतो.

आणि विक्री. तीस फुटी बोट दुपारी तीस-चाळीस किलो ताजी मासळी आणते. ती आई पाटीत घेऊन थेट बाजारात बसते. भाव ती ठरवते, पैसा घरात येतो. मोठी बोट पाच दिवसांचा, बर्फातला, टनावारी माल घेऊन धक्क्याला लागते. तो लिलावात जातो, व्यापारी भाव बोलतो, आणि ज्या व्यापाऱ्याने हंगामाआधी पैसे दिलेले असतात त्यालाच बहुधा माल द्यावा लागतो. भावांनी मोठीची गोष्ट घरात काढली की आईचा प्रश्न ठरलेला: ‘अरे, दोन टन म्हावरं मी कुठच्या पाटीत घालू?’ त्यात थट्टा असली तरी मुद्दा पक्का आहे. मोठी बोट घेताना घर एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात जातं. पहिल्या धंद्यात बाजार जाणणारी बाई भागीदार असते, दुसऱ्यात तिचं ज्ञान बिनकामाचं ठरतं.

टोच्या, हातोडी आणि थंड इंजिन

जुनी बोट पाहायला योग्य वेळ म्हणजे मे अखेर ते जून. महाराष्ट्राच्या पाण्यात १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. बोटी वर ओढून शाकारतात. शाकारण्याआधी बोट कोरड्यावर उघडी असते तेव्हा तिचा तळ दिसतो. पाण्यातली बोट पाहून इसार देणं म्हणजे बंद पेटी उचलून वजनावरून दागिने ताडणं.

लाकडी बोट असेल तर टोच्या आणि लहान हातोडी न्यावी. तळाच्या कण्यापासून सुरुवात करून, पाण्याच्या रेषेखालची प्रत्येक फळी ठोकत जावं. धडधाकट लाकूड खणखणीत बोलतं, पोखरलेलं बद्द. लाकूड पोखरणारी समुद्री कीड ही खरं तर शिंपल्याच्या कुळातली. तिचं पिल्लू टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून आत शिरतं आणि मग आतल्या आत, लाकडाच्या रेषेने, बोटाएवढा जाड बोगदा करत जातं. बाहेरून फळी अखंड दिसते. तिच्यावर टोच्या दाबला आणि तो लोण्यात जावा तसा गेला, की ती फळी गेलेली समजावी. एखादी फळी बदलता येते. कण्यात किंवा आतल्या बरगड्यांच्या मुळाशी असं झालं असेल तर किंमत पाडून उपयोग नाही, ती बोट सोडावी. फळ्यांच्या सांध्यांतून गंजाचे तांबूस ओघळ दिसले तर आतले खिळे खंगलेले असतात.

जुन्या लाकडावर फायबरचा थर चढवलेली बोट सावधपणे पाहावी. थर चांगल्या लाकडावर, लाकूड नीट सुकवून दिला असेल तर तो कीड रोखतो. कुजकं लाकूड झाकायला दिला असेल तर आत ओल कोंडून ती कूज वाढवतो. कडेला, खिळ्याजवळ, नाळेच्या टोकाला नाण्याने टकटक करा. पोकळ आवाज आला तिथे थर सुटलेला आहे. संपूर्ण फायबरच्या बोटीवर पाण्याखालच्या भागात फोड आले आहेत का ते पाहावं, आणि इंजिन ज्या बैठकीवर बसवलं आहे तिथे बारीक तडे शोधावेत.

इंजिनाच्या बाबतीत एकच हट्ट धरा: ते थंड हवं. तुम्ही पोचण्याआधी ‘जरा चालवून ठेवलंय’ असं मालक म्हणाला तर चहा घ्या, गप्पा मारा आणि इंजिन गार झाल्यावरच सुरू करायला सांगा. थंड इंजिन किती वेळात पकडतं आणि पहिला धूर कसा येतो यात त्याची कुंडली असते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंग किंवा लायनर झिजले. काळा धूर टिकून राहिला तर इंजिनाला हवा कमी, डिझेल जास्त किंवा पंखा जड. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही गेला नाही तर पाणी आत शिरत असण्याची शंका. ऑइलची पट्टी बाहेर काढून पाहावी. ऑइल दुधाळ दिसलं की त्यात पाणी मिसळलं आहे. मग मागे जाऊन पंखा दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. तो खडखडला तर शाफ्टची बेअरिंग गेली. बोट पाण्यात चालवताना शाफ्ट बाहेर जातो तिथली पॅकिंग पाहा: अधूनमधून एखादा थेंब पडणं बरोबर, धार लागणं चूक, आणि अगदी कोरडं राहून शाफ्ट तापत असेल तर तेही चूक.

लहान बोटीचं दोन सिलिंडरी इंजिन पूर्ण बिघडलं तर धाकटा भाऊ ते खोलून, किनाऱ्यावर ठेवून, दुरुस्त करू शकतो. सहा सिलिंडरचं इंजिन बाहेर काढायलाच साखळीकप्पी आणि चार माणसं लागतात. पाहणीत सापडलेला प्रत्येक दोष याच रीतीने मोजावा: तो घरच्या हाताने निघेल की मिस्त्री बोलवावा लागेल?

कागदातली बोट

पाण्यावरच्या बोटीइतकीच कागदातली बोट तपासायची असते. २००८ च्या मुंबई हल्ल्यातले दहशतवादी ‘कुबेर’ या पळवलेल्या मासेमारी बोटीतून आले. त्यानंतर मासेमारी बोटींची नोंदणी, खलाशांची ओळखपत्रं आणि किनाऱ्यावरची तपासणी कडक झाली. आज नोंदणी आणि परवाना रिअलक्राफ्ट या ऑनलाइन प्रणालीवर असतो. बोटीवर रंगवलेला क्रमांक, नोंदणीतली लांबी आणि इंजिनाचा क्रमांक हे तिन्ही प्रत्यक्षाशी जुळवून पाहा. जुन्या बोटींत इंजिन बदललेलं असतं आणि कागदावर जुनंच राहिलेलं असतं. त्याचा फटका पुढे डिझेलच्या परताव्यात आणि विम्यात बसतो.

मासेमारीचा परवाना बोटीबरोबर आपोआप येत नाही. नव्या मालकाने मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो, आणि तो कुठल्या जाळ्यासाठी मिळेल हे आधीच विचारून घ्यायचं असतं. मोठ्या बोटी बऱ्याचदा सहकारी संस्थेमार्फत राष्ट्रीय सहकारी विकास निगमच्या कर्जातून बांधलेल्या असतात. बोटीवर बोजा आहे का, संस्थेची आणि बँकेची ना-हरकत आहे का, हे कागद हातात आल्याशिवाय इसार देऊ नये. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरहून देशातल्या एक लाख बोटींवर ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू झाली. बोटीवर तो असेल तर तोही नव्या मालकाच्या नावावर व्हायला हवा. खलाशी जितके, तितकी जीवरक्षक जॅकेटं हवीत, हे वेगळं सांगायला नको.

उभ्या बोटीचा खर्च

दोन्ही बाजू मांडून झाल्या. शीवच्या या दोघा भावांनी तीस फुटी घ्यावी, असं माझं मत आहे. लहान बोट स्वस्त आहे म्हणून नव्हे. त्यांच्याकडे जे आहे ते तिच्यात कामाला येतं म्हणून. थोरल्याचं समुद्राचं ज्ञान, धाकट्याचा इंजिनावरचा हात आणि आईचा बाजार, तिन्ही. मोठीत थोरला कामाला येतो, धाकटा अर्धा, आणि आईचा बाजार सुटतो.

मत उलटं होण्यासारखी परिस्थितीही असते. धक्क्यावर जागा असलेला नातेवाईक भागीदार व्हायला तयार असेल, आठ-दहा खलाशांची टोळी दोन-तीन हंगाम टिकलेली असेल, हव्या त्या जाळ्याचा परवाना मिळणार हे लेखी कळलेलं असेल, तर पंचेचाळीस फुटीची ती पाचपट स्थिरता आणि साडेतीनपट पोट खरोखर कमाई करतात. पावसाळी वाऱ्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत, समुद्र अजून खवळलेला आणि बाजार भुकेला असताना, मोठी बोट बाहेर असते आणि लहानीला खाडीतच थांबावं लागतं. या दिवसांचा पैसा खरा आहे.

पण समुद्रावर जाण्याचे दिवस मोजून बोट घेऊ नये. न जाण्याचे मोजावे. वर्षातले ६१ दिवस बंदीचे. त्यावर वादळाच्या इशाऱ्याचे, इंजिन बिघडल्याचे, खलाशी गावी गेल्याचे, डिझेलला पैसे नसल्याचे. या दिवसांत लहान बोट ताडपत्रीखाली पडून राहते आणि फारसं काही मागत नाही. मोठी उभी असतानाही पंप चालवायला माणूस मागते, दोर मागते, कर्जाचं व्याज मागते, आणि तिची टोळी टिकवायची तर उचल मागते. दीडपट लांबीच्या बोटीचं नुसतं उभं राहणंच कितीतरी पट महाग असतं, आणि हा खर्च विक्रेत्याच्या तोंडून कधीच ऐकू येत नाही, कारण तो त्याच खर्चापासून सुटण्यासाठी बोट विकत असतो.

त्यामुळे इसार देण्याआधी भावांनी वहीत एकच ओळ लिहावी: लागोपाठ तीन फेऱ्या रिकाम्या आल्या तर चौथ्या फेरीचं डिझेल कुठून येणार? या ओळीपुढे घरातले दागिने मोडण्याखेरीज दुसरं काही लिहिता आलं, तर पंचेचाळीस फुटीच्या मालकाशी बोलणी पुढे न्यावी. नाही लिहिता आलं, तर टोच्या आणि हातोडी घेऊन शिवडीला जावं, ओहोटीच्या वेळी.